ट्रेलरचा एसी थंड करीना: घरपोच आलेल्या आरव्ही तंत्रज्ञाच्या सेवेचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, छतावरचा एसी महिन्याभरात दोनदा अडला. ज्या विक्रेत्याकडून ट्रेलर घेतला होता, त्याच्या सर्व्हिस सेंटरने ‘गॅस गेला आहे, यंत्रच बदला’ असे सांगून १,७५० डॉलरचा अंदाज हातात ठेवला. त्यानंतर घरी येऊन काम करणाऱ्या एका स्वतंत्र आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) तंत्रज्ञाने तोच एसी ३९५ डॉलरमध्ये दुरुस्त करून दिला आणि पुढचा सगळा उन्हाळा तो विनातक्रार चालला. हे परीक्षण त्या तंत्रज्ञाच्या सेवेचे आहे. तो एकटा काम करणारा गृहस्थ असल्यामुळे त्याचे नाव मी येथे देत नाही, आणि सर्व्हिस सेंटरचेही देत नाही. मात्र त्याने काय, कोणत्या क्रमाने आणि का तपासले ते शक्य तितके बारकाईने लिहिते आहे, कारण ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांनी मला हेच विचारले, आणि तंत्रज्ञ निवडताना नेमकी हीच गोष्ट पारखायला हवी असे माझे मत आहे.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. ट्रेलर २६ फुटी आहे, त्याची वीजजोडणी ३० अँपिअरची आहे आणि छतावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) एकच एसी आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा एसी एक टनाहून जरासा मोठा. घरातल्या विंडो एसीशी त्याचे जवळचे नाते आहे. कंप्रेसर, आतली कॉइल, बाहेरची कॉइल आणि दोन्हीकडचे पंखे फिरवणारी मोटर हे सारे एकाच पेटीत असते, आणि ती पेटी छताला पाडलेल्या १४ इंच लांब-रुंद चौकोनी भोकावर फोमची जाड गादी घालून, आतून चार बोल्टांनी आवळलेली असते. थंड हवा छताच्या पोकळीतून काढलेल्या नळ्यांमधून झोपायच्या खोलीपर्यंत जाते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की घरचा एसी एका जागी स्थिर असतो, तर हा टेक्सासच्या उन्हात छतावर तापतो आणि महामार्गावर शेकडो मैल हादरे खातो. त्याचे बहुतेक आजार या उन्हातून आणि हादऱ्यांतून येतात.

पहिला प्रसंग जूनमधला, गॅलव्हेस्टनच्या किनाऱ्यावरचा. सोलापूरहून माझे सासू-सासरे, म्हणजे आई आणि अप्पा, आले होते. त्यांना समुद्र दाखवावा म्हणून आम्ही तीन दिवसांची जागा घेतली होती. दिवसाचे तापमान ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. हा आकडा सोलापूरकरांना किरकोळ वाटावा असा आहे, कारण तेथे मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, परंतु मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा अंगावर ओल्या गोधडीसारखी बसते. संध्याकाळी एसी उत्तम चालला. रात्री २ च्या सुमारास खोली गरम झाल्यामुळे सर्वांनाच जाग आली. यंत्राचा आवाज चालू होता, पण छताच्या झरोक्यांतून हवेची जेमतेम झुळूक येत होती आणि मधल्या जाळीतून पाणी ठिबकत होते. छत गळते आहे अशी आमची समजूत झाली. जाळी उतरवून टॉर्चच्या प्रकाशात पाहिले, तर आतल्या कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा बर्फ जमला होता.

अशा वेळी काय करावे हे मला तेव्हा अर्धेच ठाऊक होते. कूलिंग बंद करून नुसता पंखा मोठ्या वेगावर ठेवला की तास-दीड तासात बर्फ वितळतो, आणि तोवर कंप्रेसर सुरू करायचा नाही, एवढे मी केले. फिल्टर काढून धुतला. त्यावर वाळू आणि ओढण्यांचा, टॉवेलांचा भुगा बसला होता. एरवी झोपताना आवाज नको म्हणून आम्ही पंखा मंद वेगावर ठेवत असू. दमट हवेत ही सवय बाधते, कारण कॉइलवरून हवा हळू वाहिली की कॉइलचे तापमान गोठणबिंदूच्या खाली उतरते आणि हवेतली वाफ तिथेच बर्फ होऊन बसते. एकदा बर्फाचा थर बसला की हवेची वाट आणखी अडते, आणि मग सकाळपर्यंत कॉइलचा दगड होतो. दुसऱ्या रात्री फिल्टर स्वच्छ आणि पंखा मोठ्या वेगावर ठेवूनही पहाटे पुन्हा थोडा बर्फ आलाच. त्यावरून दुखणे फिल्टरपुरते नाही हे कळले आणि परतल्यावर ट्रेलर सर्व्हिस सेंटरकडे नेऊन सोडला.

तेथील अनुभव मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. ट्रेलर जवळजवळ तीन आठवडे त्यांच्या आवारात उभा होता. तपासणीची फी म्हणून १८० डॉलर घेतले. लेखी अहवालात ‘कूलिंग अपुरे, शीतक वायू कमी, यंत्र बदलावे’ अशी एक ओळ होती. यंत्र हवेला किती अंशांनी थंड करत होते, कंप्रेसर किती अँपिअर घेत होता, व्होल्टेज किती होते, यांपैकी एकही आकडा त्या कागदावर नव्हता, आणि मी विचारले तेव्हा समोरच्या माणसाकडेही नव्हता. ‘गॅस भरून चालणार नाही का?’ असा प्रश्न आपल्याकडच्या सवयीने माझ्या तोंडून निघाला. त्यावर त्यांनी या यंत्रांत गॅस भरण्याची सोय नसते असे सांगितले. ते खरेच आहे. छतावरच्या या एसींची शीतक वायूची नळी कारखान्यातच झाळून कायमची बंद करतात, तिला घरच्या स्प्लिट एसीसारखे भरणीचे तोंड बहुधा नसते, शिवाय शीतक वायू हाताळायला अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागते. त्यामुळे वायू खरोखर गेला असेल तर यंत्र बदलणे हाच सल्ला योग्य ठरतो. माझी तक्रार सल्ल्याबद्दल नाही. वायू गेला आहे हे त्यांनी कशावरून ठरवले, याचे उत्तर मला मिळाले नाही, ही माझी तक्रार आहे.

जुलैमध्ये टेक्सासच्या हिल कंट्री भागातल्या एका खासगी आरव्ही पार्कमध्ये आमची जागा आधीपासून ठरलेली होती. आई-अप्पांबरोबरची सुट्टी पुन्हा मिळणार नव्हती म्हणून नवे यंत्र न बसवता, रात्री बर्फावर लक्ष ठेवू असे ठरवून आम्ही निघालो. तेथे वेगळेच दुखणे समोर आले. हवा कोरडी असल्यामुळे बर्फ नव्हता, परंतु दुपारी ४ च्या सुमारास, बाहेर १०२ अंश फॅरनहाइट म्हणजे ३९ अंश सेल्सिअस असताना, एसी सुरू होताना घरघरून बंद पडू लागला. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा घरघर, पुन्हा बंद. मी सर्व्हिस सेंटरचा कागद आठवून हताश झाले होते. अप्पांनी वीज मंडळात ३२ वर्षे नोकरी केली आहे. ते बाहेर जाऊन खांबावरची वीजपेटी पाहून आले आणि म्हणाले, “अगं, यंत्राला दोष देण्याआधी व्होल्टेज बघ. आत्ता बघ आणि पहाटे ५ ला पुन्हा बघ.”

आमच्याकडे भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा साधा मीटर होता. दुपारी ४ वाजता, एसी बंद असताना १०९ व्होल्ट दिसले आणि कंप्रेसर सुरू होताना काटा १०४ च्या खाली घसरला. आमच्या जोडणीवर बसवलेले संरक्षक यंत्र त्याच पातळीवर वीज तोडते, म्हणून एसी बंद पडत होता. पहाटे ५ वाजता त्याच सॉकेटमध्ये ११९ व्होल्ट होते. पार्क पूर्ण भरलेला होता, आणि दुपारी प्रत्येक ट्रेलरचा एसी एकाच वेळी चालू झाला की जुन्या तारांवर दाब पडून व्होल्टेज उतरत होते. उन्हाळ्यात भारनियमन आणि मंद पंखे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. व्होल्टेज उतरले तरी कंप्रेसरला काम तेवढेच करायचे असते, त्यामुळे त्याची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि कालांतराने तिची वेटोळी जळतात. संरक्षक यंत्राने वीज तोडली हा आम्हाला झालेला त्रास नव्हता, ते आमचे संरक्षण होते. आम्ही त्या तीन दिवसांत पाणी तापवण्याचा हीटर विजेवरून काढून प्रोपेनवर टाकला आणि दुपारी मायक्रोवेव्ह लावला नाही. ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टने जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. एकटा एसी १३ अँपिअरच्या आसपास घेतो आणि विजेवरचा हीटर साधारण १२, मग तिसऱ्या उपकरणाला जागा उरतेच कुठे? खोली सकाळी ८ पासूनच थंड करायला घेतली, खिडक्यांना चंदेरी परावर्तक पडदे लावले, सावलीचा बाहेरचा पडदा दिवसभर उघडा ठेवला. आई-अप्पांना त्रास झाला नाही, पण मला मात्र प्रत्येक दुपारी त्यांची काळजी वाटत राहिली. वयस्क माणसांबरोबर प्रवास करताना ट्रेलरचा एसी ही चैनीची वस्तू राहत नाही.

घरी परतल्यावर मी तंत्रज्ञाचा शोध घेतला. आमच्या टेक्सासमध्येच अथेन्स या गावी नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी ही आरव्ही तंत्रज्ञांना शिकवणारी संस्था आहे. तेथे शिकलेले बरेच जण स्वतःच्या गाडीतून अवजारे घेऊन घरोघर आणि पार्कोपार्की जातात. आम्हाला मिळालेला तंत्रज्ञही तेथेच शिकलेला होता. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘बर्फ आला त्या रात्री हवा दमट होती का, आणि झरोक्यातून येणारी हवा थंड पण कमी होती, की भरपूर पण कोमट होती?’ या प्रश्नाने माझा अर्धा विश्वास तेव्हाच बसला. थंड पण कमी हवा म्हणजे हवेच्या वाटेत अडथळा किंवा गळती, भरपूर पण कोमट हवा म्हणजे कंप्रेसर किंवा वायूकडचा दोष. ही पहिली वाटणी घरबसल्या कोणालाही करता येते, आणि ती केल्यावाचून पुढची तपासणी आंधळी ठरते.

तो ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आला. आल्यावर त्याने अवजारांची पेटी उघडली नाही. आधी घराच्या भिंतीवरच्या ३० अँपिअरच्या सॉकेटचे व्होल्टेज मोजले. येथे एक सांगणे आवश्यक आहे. ट्रेलरचा ३० अँपिअरचा तीन दांड्यांचा प्लग दिसायला २४० व्होल्टच्या जोडणीसारखा दिसतो, पण तो १२० व्होल्टचा असतो, आणि ट्रेलरची माहिती नसलेल्या वीजतंत्रींनी तेथे २४० व्होल्ट जोडून दिल्यामुळे आतली उपकरणे जळाल्याचे प्रकार घडतात. घरी नवे सॉकेट बसवून घेणाऱ्याने ट्रेलर लावण्याआधी मीटरने मोजलेच पाहिजे. आमच्याकडे १२१ व्होल्ट होते. एसी सुरू करून त्याने वीस मिनिटे काहीही केले नाही. नुसते चालू दिले, कारण कॉइल स्थिर तापमानाला आल्याशिवाय घेतलेल्या मोजमापांना अर्थ नसतो. आपल्याकडचा मेकॅनिक पाच मिनिटांत झरोक्याला हात लावून निदान करतो, तसे याने केले नाही.

मग त्याने तीन ठिकाणी थर्मामीटर धरला, आणि माझ्या दृष्टीने त्याची सगळी फी त्या तीन आकड्यांत वसूल झाली. खोलीची हवा ८३ अंश फॅरनहाइट होती. झरोक्यातून बाहेर पडणारी हवा ५६ अंश होती. तिसरा थर्मामीटर त्याने फिल्टरच्या मागे, म्हणजे कॉइलमध्ये शिरणाऱ्या हवेत धरला. तेथे ८३ च्या जवळ आकडा यायला हवा होता, आला ७४. त्याने मला बोलावून हे तिन्ही आकडे स्वतः वाचायला लावले आणि त्यांचा अर्थ समजावला. कॉइलमध्ये शिरणारी हवा ७४ आणि बाहेर पडणारी ५६, म्हणजे यंत्र हवेला १८ अंशांनी थंड करत होते. निरोगी यंत्रात हा फरक साधारण १६ ते २२ अंश, म्हणजे सेल्सिअसच्या मापात ९ ते १२ अंश असतो. तेव्हा यंत्र ठणठणीत होते. वायू खरोखर कमी असता तर हा फरक घटला असता, कंप्रेसरचा करंटही नेहमीपेक्षा खाली आला असता, आणि बर्फ सहसा कॉइलच्या एका भागातच धरला असता. तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर करंट १३ अँपिअरच्या वर होता, म्हणजे तिकडूनही वायूवरचा संशय फिटला. राहिला प्रश्न खोलीतल्या ८३ आणि फिल्टरमागच्या ७४ मधल्या ९ अंशांचा. खोलीतली हवा जाळीतून वर जाता जाता ९ अंशांनी थंड होते, याचा अर्थ एकच, की थंड हवा कुठूनतरी परत आत शिरते आहे.

जाळी आणि तिच्यावरची प्लास्टिकची पेटी उतरवल्यावर ती वाट सापडली. छताच्या त्या १४ इंची भोकात थंड हवेचा आणि परतीच्या हवेचा कप्पा वेगळा करणारी एक आडवी भिंत असते. कारखान्यात ती फोमच्या तुकड्याने आणि कसल्यातरी चिकटपट्टीने बसवलेली होती. हादऱ्यांनी चिकटपट्टी सुटली होती आणि एका बाजूला माझे दोन बोटांचे टोक आत जाईल एवढी फट पडली होती. शिवाय छताच्या पोकळीतल्या नळीचे तोंड भोकाच्या कडेला नीट मिळालेले नव्हते, त्यामुळे काही थंड हवा छत आणि आतल्या पत्र्याच्या मध्ये वाया जात होती. बर्फाचे कोडे येथे सुटले. कॉइलला खोलीतली उबदार हवा मिळण्याऐवजी तिचीच थंड केलेली हवा पुन्हा पुन्हा मिळत होती, त्यामुळे ती अधिकाधिक थंड होत गोठणबिंदूखाली जात होती, आणि खोली मात्र थंड होत नसल्यामुळे भिंतीवरचा थर्मोस्टॅट कंप्रेसरला थांबू देत नव्हता. हिल कंट्रीत हवा कोरडी असल्यामुळे हाच दोष बर्फाच्या रूपाने दिसला नाही.

त्याने जुनी पट्टी खरवडून पृष्ठभाग अल्कोहोलने पुसला, फोमचा नवा घट्ट तुकडा बसवला, आणि सर्व सांधे अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीने बंद केले. कापडी डक्ट टेप त्याने वापरला नाही, कारण उष्णतेने त्याचा डिंक विरघळून तो पुन्हा सुटतो. या कामाला त्याला सव्वा तास लागला. आतल्या आत हात वाकवून, कोपऱ्यांत पट्टी दाबून बसवताना त्याने दाखवलेली सबुरी मला फार आवडली. हे काम अवघड नाही, वेळखाऊ आहे, आणि म्हणूनच कारखान्यात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ते उरकले जाते असे माझे निरीक्षण आहे. ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे त्यांनी हे स्वतः करायला हरकत नाही. त्यासाठी वीजजोडणी पूर्ण काढावी, पट्टीची एक गुंडाळी आणि शनिवारची सकाळ राखून ठेवावी.

छतावरचे काम मात्र मी स्वतः करणार नाही. आमचे छत रबरी पडद्याचे आहे, ते ओले असले की घसरते आणि उन्हात त्यावर हात टेकवत नाही. वीज तोडल्यावरही कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या भागात, धोकादायक भार शिल्लक राहतो. तंत्रज्ञाने वर चढण्याआधी ट्रेलरचा प्लग स्वतः काढून माझ्या हातात दिला, जेणेकरून कोणी चुकून लावू नये, आणि कॅपॅसिटरमधला भार रोधक लावून आधी उतरवला. वरचे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर बाहेरच्या कॉइलच्या पात्यांमध्ये धूळ आणि झाडांचा कापूस दाटलेला दिसला, एका कोपऱ्यात गांधीलमाशीचे मातीचे घर होते. त्याने मऊ ब्रश आणि कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने कॉइल धुतली आणि वाकलेल्या पात्या बारीक दातांच्या फणीने सरळ केल्या. जास्त दाबाचे पाणी मारले तर या पात्या कागदासारख्या आडव्या होतात.

नंतर त्याने कॅपॅसिटर मोजला. छताचा पंखा मंद फिरू लागला की दुकानातून कॅपॅसिटर आणून बदलायचा, हे मराठी घरांत अनेकांनी केलेले असते. येथेही तत्त्व तेच आहे. वर्षानुवर्षे उन्हात तापून कॅपॅसिटरची क्षमता उतरते आणि मोटरला सुरुवातीचा जोर मिळत नाही. लेबलवर ४० मायक्रोफॅरड होते, मीटरवर ३३ आले. हिल कंट्रीतल्या घरघरीत कमी व्होल्टेजचा वाटा मोठा होता, पण या थकलेल्या कॅपॅसिटरमुळे ती अधिक चिघळली, असे त्याचे म्हणणे पडले आणि मला ते पटते. नव्या कॅपॅसिटरचे त्याने २८ डॉलर लावले. ठिबकणाऱ्या पाण्याबद्दलही त्याने खात्री करून दिली. फोमची गादी चारही बाजूंनी सारखी दबलेली होती आणि पावसाचे पाणी आत येण्याची खूण नव्हती, म्हणजे गॅलव्हेस्टनला पडलेले पाणी वितळत्या बर्फाचेच होते. ट्रेलर एका बाजूला कललेला असला तरी कॉइलखालच्या तबकातले पाणी छतावर न जाता आत उतरू शकते, म्हणून उभा करताना तो समतल करण्यात आळस करू नये असेही त्याने सांगितले. चार बोल्ट त्याने तपासले, पण आणखी आवळले नाहीत. गादी प्रमाणाबाहेर दाबली तर ती फुगण्याची ताकद गमावते आणि मग खरोखरच गळू लागते.

काम झाल्यावर त्याने पुन्हा वीस मिनिटे थांबून तेच तीन आकडे घेतले. खोली ८१, फिल्टरमागे ८०, झरोक्यात ६१. थंड हवेचा आकडा आधीपेक्षा वर गेला म्हणून मी क्षणभर साशंक झाले. त्याने सांगितले की कॉइलला आता खरी उबदार हवा मिळते आहे, तिच्यातून १९ अंश निघत आहेत, आणि झोपायच्या खोलीच्या झरोक्यापुढे हात धरून पाहा. हवेचा झोत कितीतरी वाढला होता. त्या दुपारी बाहेर ९७ अंश म्हणजे ३६ अंश सेल्सिअस होते आणि ट्रेलरच्या आतले तापमान पावणेदोन तासांत ९१ वरून ७७ वर आले. ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गॅलव्हेस्टनला चार रात्री राहिलो. एसी रात्रभर चालला. बर्फ आला नाही.

मी त्याला सॉफ्ट स्टार्टर बसवून घेऊ का, असे विचारले होते. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर ५० ते ६० अँपिअरपर्यंत करंट ओढतो, तो झटका हे छोटे उपकरण बराच कमी करते. त्यामुळे २,२०० वॉटच्या लहान जनरेटरवरही १३,५०० बीटीयूचा एसी सुरू होऊ शकतो. उपकरण आणि मजुरी मिळून त्याला चारशे डॉलर सहज मिळाले असते. त्याने आम्ही जनरेटर वापरतो का हे विचारले, नाही म्हटल्यावर ‘मग आत्ता गरज नाही’ असे सांगितले, आणि त्याऐवजी व्होल्टेज वाढवून देणारा ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्या स्टॅबिलायझरचाच एक प्रकार, जुन्या पार्कमध्ये जास्त जायचे असेल तर उपयोगी पडेल असे सुचवले. तोही त्याच्याकडे विक्रीला नव्हता. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू न विकणारा कारागीर मी मोलाचा मानते.

उणिवा नोंदवणे भाग आहे. उशिरा येणार असल्याचा निरोप त्याने दिला नाही. घरी येण्याची फी १४० डॉलर आणि त्यावर तासाचे दर वेगळे, त्यामुळे किरकोळ कामासाठी त्याला बोलावणे परवडत नाही. फिल्टर धुणे, ब्रेकर पाहणे, थर्मोस्टॅटला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूचा फ्यूज तपासणे एवढे स्वतः करूनच फोन करावा. माझी सर्वांत मोठी तक्रार लेखी अहवालाबद्दल आहे. इतकी नेमकी मोजमापे घेणाऱ्या माणसाने पावतीवर फक्त ‘एसी दुरुस्ती, कॅपॅसिटर’ एवढेच लिहिले. पुढे ट्रेलर विकायचा झाल्यास किंवा वॉरंटीचा प्रश्न आल्यास त्या पावतीचा उपयोग थोडा. सुदैवाने अप्पा त्या दिवशी त्याच्या शेजारी वही घेऊन उभे होते आणि प्रत्येक आकडा, वेळ आणि बाहेरचे तापमान त्यांनी मराठीत टिपून ठेवले होते. तंत्रज्ञाला वही दाखवली तेव्हा त्याने तिचा फोटो मागून घेतला.

पाचपैकी साडेचार गुण मी त्याला देते. अर्धा गुण पावतीसाठी कापला आहे. जून ते ऑगस्टमध्ये त्याची वेळ मिळायला दहा-बारा दिवस लागतात, आणि छतावर चढायचे काम तो सकाळी १० च्या आतच घेतो. तेव्हा ज्यांना उन्हाळ्यात आई-वडील भारतातून यायचे आहेत, त्यांनी मार्च-एप्रिलमध्येच तपासणी करून घ्यावी. बाहेर ८० अंश असतानाही ते तीन आकडे घेता येतात.